बाबांची जागा विकण्याआधी

सुमे, डोंबिवलीच्या जागेला सत्तर लाखांचं गिऱ्हाईक आलंय म्हणून लगेच टोकन घेऊ नकोस. आणि शेजारचे काका म्हणाले ना, साडेबारा टक्क्यांनी पावणेनऊ लाख सरकारजमा होणार, तेही मनावर घेऊ नकोस. कर विक्रीच्या पैशावर नसतो गं, नफ्यावर असतो. आणि नफा किती, ते कागद सांगतात.

बाबांनी जागा १९८८ साली दोन लाखांना घेतली. वारसाने आली तेव्हा आपल्याला काही भरावं लागलं नाही, पण विकताना खरेदी बाबांचीच धरतात. त्यातही एप्रिल २००१ पूर्वीची खरेदी असली, तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरायची मुभा आहे. फक्त तो तेव्हाच्या रेडीरेकनरच्या सरकारी भावाच्या वर जायला नको. व्हॅल्युअरकडून दाखला घे. समज, दहा लाख निघाले. मग नफा साठ लाख, साडेबारा टक्क्यांनी साडेसात लाख कर. पण जागा २३ जुलै २०२४ च्या आधीच आपल्या दोघींकडे आलीय, म्हणून जुना हिशेबही करून बघता येतो. त्यात खरेदी महागाई निर्देशांकाने वाढवून धरतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा निर्देशांक ३७६, तो धरला तर दहाचे होतात सदतीस लाख साठ हजार. उरलेल्या नफ्यावर वीस टक्के, साधारण साडेसहा लाख. कमी येईल तेवढाच भरायचा. उपकर वेगळा, पण दलाली वजा होते. यातला निम्माच तुझ्या वाट्याचा.

दाखला घेतला नाही तर दोन लाखच धरून बसावं लागेल!

गिऱ्हाईक "थोडे रोखीत घ्या" म्हणेल. साफ नाही म्हण. रोखीचा दंड जबर असतो, शिवाय कागदावरची किंमत रेडीरेकनरच्या फार खाली गेली तर कर रेडीरेकनरवरच लागतो.

तुझ्या शेअरच्या म्युच्युअल फंडाचं गणित वेगळं. वर्षावर ठेवला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ, वर साडेबारा. वर्षाच्या आत काढलास तर वीस टक्के.

जागेवरचा कर वाचवायला दोन वर्षांत दुसरं घर घेता येतं, पण नुसत्या त्यासाठी घर घेणं मला पटत नाही. तुला हप्ते झेपणार आहेत का? त्यापेक्षा सहा महिन्यांच्या आत नफ्याइतके सरकारी कंपन्यांचे करबचत बाँड घे. व्याज बेताचं, पैसे पाच वर्षं अडकतात, पण तुला तेवढी घाई कुठेय?

शनिवारी येते. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि बाबांचं खरेदीखत काढून ठेव.