सामान्य नागरिक आणि राष्ट्राचा गौरव

राष्ट्राची मान उंचावण्यास अधिकारपद लागतेच असे नाही. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी फिलिपीन्समध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मनिला येथे मतांचे आकडे संगणकात भरणाऱ्या कर्मचाऱ्यांना, आपण नोंदविलेले आकडे आणि फलकावर झळकणारे आकडे यांत तफावत आढळली. ९ फेब्रुवारीच्या रात्री त्यांपैकी तीसहून अधिक जण काम सोडून बाहेर पडले व एका चर्चच्या आश्रयास गेले. पुढे २२ ते २५ फेब्रुवारी या चार दिवसांत लाखो निःशस्त्र नागरिक एडसा राजमार्गावर उभे ठाकले आणि मार्कोस यांची वीस वर्षांची राजवट संपुष्टात आली. असत्यास आपला हातभार न लावणे, एवढे तरी प्रत्येक नागरिकाच्या हाती असतेच.