साठ रुपयांचं बकल

माझी सॅक जुनी नव्हती. हे आधीच सांगते, कारण हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकहून आल्यावर आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर निरोप फिरला, की जुनाट सामान घेऊन येणाऱ्यांमुळे सगळ्यांचा खोळंबा होतो. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, पण हाताला प्लास्टर माझ्या एकटीच्याच होतं. तीन वर्षांची सॅक, एक टाका उसवलेला नाही. तुटलं होतं ते कमरपट्ट्याचं बकल. तेही आधीच्या ट्रेकला टेम्पोत सॅका रचताना सीटच्या लोखंडी पट्टीवर आलं आणि वरून कुणीतरी पाय दिला. बकलाच्या मादी बाजूला उभी चीर गेली.

सॅक जिथून घेतली त्या दुकानात गेले. दुकानदाराने बकल हातातसुद्धा घेतलं नाही. "मॅडम, याचे पार्ट मिळत नाहीत. नवी घ्या, जुनीचे पाचशे कमी करतो." साडेसहा हजारांची सॅक एका बकलापायी टाकून द्यायची! त्याच्याच मागे भिंतीवर पट्ट्यांची रिळं टांगलेली होती. मी तडक बाहेर पडले. तो चुकीचं सांगत होता यात मला आजही शंका नाही. पण त्या रागाच्या भरात मी दुसऱ्या टोकाला गेले. आमच्या लीडरने "आण ताई इकडे" म्हटलं आणि मी बकल त्याच्या हातात दिलं. एका थेंबात चिकटणारा गोंद, त्यावर खायचा सोडा, वरून टेपचे चार वेढे. "सॅक फाटेल, पण हे निघणार नाही," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. तेव्हा हजर असलेल्यांना आता ते आठवत नाही.

हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरहून तोलार खिंडीतून चढलो, तेव्हा बकल टिकलं. दुसऱ्या दिवशी उतरताना, रेलिंग लावलेल्या कातळावर, टक् असा आवाज आला. कमरपट्टा सुटला की काय होतं हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळत नाही. कमरेवरचं सगळं वजन एका क्षणात खांद्यांवर येतं आणि सॅक ज्या बाजूला तोल असेल त्या बाजूला झोकांडते. तेरा किलो होतं पाठीवर, त्यात ग्रुपची दोन पातेली. मी रेलिंगवर आपटले आणि उजवं मनगट अंगाखाली आलं. केसाएवढी चीर हाडाला, सहा आठवडे प्लास्टर. लीडर वर येऊन पहिलं वाक्य बोलला ते असं: "सामान तपासून यायला नको का?"

खिरेश्वरला ओटीवर बसून डाव्या हाताने मी टेप सोडली. गोंदाचा थर माशाच्या खवल्यासारखा अख्खा निघून आला. त्याच्याखाली प्लास्टिक गुळगुळीत, जणू त्याला कधी काही लावलंच नव्हतं. तो चिकटलाच नव्हता. इतका वेळ सगळा ताण टेपने धरला होता. माझी सॅक जुनी नव्हती आणि मी निष्काळजीही नव्हते. ज्या प्लास्टिकला गोंद धरतच नाही, त्यावर तो लावून मला कातळावर पाठवलं होतं.

नंतर सहा आठवडे दुसरं काम नव्हतं, तेव्हा वाचलं, विचारलं, तुकडे घेऊन बसले. सॅकची चांगली बकलं बहुधा ॲसिटल किंवा नायलॉनची असतात. ॲसिटलवर साधा गोंद पकड घेत नाही. पाण्याचे कॅन, बाटल्या, खोके बहुतेक पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, त्यांचीही तीच गत. तुटका कपचा पाण्यात टाका. पोकळ नसलेला कपचा तरंगला तर तो बहुधा या दोघांपैकी एक, गोंदावर पैसे घालवू नका. पण बुडाला म्हणजे गोंद बसेल असं नाही, कारण ॲसिटलही बुडतं. मी इथेच फसले असते.

त्यामुळे बकल चिकटवायचंच नाही, बदलायचं. पट्टीची रुंदी मोजा: २०, २५, ३८, ५० मिलिमीटर, यांतलं बहुधा काहीतरी निघेल. दोन्ही बाजू बदला, एका कंपनीची नर बाजू दुसऱ्याच्या मादीत बसेलच असं नाही, आणि बसली तरी ताणाखाली सुटू शकते. दांडीला खाच असलेलं बकल मिळालं तर शिवण उसवावी लागत नाही, पट्टी खाचेतून सरकवायची. ते नसेल तर बॅगा शिवणाऱ्याकडे जा आणि चौकोनात फुली अशी शिलाई नायलॉनच्या दोऱ्याने मागा. मला पुण्यात बोहरी आळीत जोडी साठ रुपयांना मिळाली, शिलाईचे चाळीस. 'पार्ट मिळत नाहीत'!

मात्र तुटलं कशाने ते पाहा. माझं आघाताने तुटलं, म्हणून बाकीची बकलं ठणठणीत होती. पण प्लास्टिक पांढुरकं पडलं असेल, बोट फिरवल्यावर भुकटी लागत असेल, तर ते उन्हाने खाल्लेलं आहे. एक बदललं तरी पुढचं तुटणार. ट्रेकहून आल्यावर सॅक गच्चीवर दोन-दोन दिवस उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. डास पळवणाऱ्या मलमात डीट हे रसायन असेल तर त्या हाताने गॉगल आणि हेडलॅम्पच्या काचेला हात लावू नका, काही प्लास्टिकं त्याने विरघळतात.

हेल्मेटला चीर गेली तर मात्र दुरुस्तीचं नावही काढू नका. गोंद किंवा रंगातलं द्रावक कवच आणखी ठिसूळ करू शकतं, आणि आतला फोम एकदा दबला की पुन्हा मार झेलत नाही. इथे मी त्या दुकानदारासारखीच बोलेन: नवंच घ्या. तंबूची खुंटी, ताटली, पाऊचचं झाकण, असल्या वस्तूंना टेप लावा, दोरी बांधा, काही बिघडत नाही. तुटल्यावर कोण पडणार, एवढं बघा.

आणि सामान आदल्या रात्री तपासू नका, निदान चार दिवस आधी तपासा. हे सगळेच सांगतात. पण दुसऱ्याने दुरुस्त केलेली वस्तू घरी भरलेल्या सॅकसकट घालून, कमरपट्टा जोरात ओढून, जिना चार वेळा उतरून पाहा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ते फुटकं बकल आणि गोंदाचा तो पापुद्रा मी एका डबीत ठेवला आहे. दोन्हींचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली दोन ओळींत काय झालं ते लिहिलं. सत्तावीस जणांनी पाहिला. लीडरनेही. मनगट कसं आहे, हे त्याने अजून विचारलेलं नाही.