फोडातील परजीवीचा शोध

राजस्थानातील बिकानेर हा थरच्या वाळवंटातील प्रदेश. तेथील एखाद्या रहिवाशाच्या गालावर किंवा हातावर लहानशी पुळी उठते. ती हळूहळू वाढते, मध्यभागी फुटते आणि तिच्यावर खपली धरते. ती बहुधा दुखत नाही. म्हणून रोगी प्रथम तिच्याकडे दुर्लक्ष करतो, मग निरनिराळी मलमे लावून पाहतो. महिने लोटतात, पण व्रण भरून येत नाही. कालांतराने तो आपोआप बरा झाला, तरी चेहऱ्यावर जन्माचा वण ठेवून जातो. ‘दिल्लीचा फोड’, ‘बगदादचा फोड’ अशा नावांनी पूर्वी ओळखला जाणारा हा विकार म्हणजे त्वचेचा लीशमॅनिया रोग होय. वाळूमाशीच्या दंशातून त्याचा परजीवी माणसाच्या त्वचेत शिरतो.

केवळ डोळ्यांनी पाहून या रोगाचे निदान करणे धोक्याचे असते. कुष्ठरोग, त्वचेचा क्षय, बुरशीजन्य विकार आणि साधे पुवाळलेले व्रण यांच्याशी त्याचे साम्य असते. क्षयावरील औषधे या परजीवीवर चालत नाहीत, आणि कुष्ठरोगाचा चुकीचा शिक्का बसला तर रोग्याला नाहक सामाजिक दुःख भोगावे लागते. म्हणूनच परजीवी प्रत्यक्ष दिसणे महत्त्वाचे ठरते.

या शोधाला मोठा इतिहास आहे. १८८५ मध्ये कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांनी दिल्लीच्या फोडाच्या ऊतीत काही चमत्कारिक पिंड पाहिले. १८९८ मध्ये रशियन शल्यवैद्य बोरोव्हस्की यांनी ते आदिजीव असल्याचे ओळखले. परंतु त्यांचे लेखन रशियन भाषेत असल्याने दीर्घकाळ उपेक्षित राहिले. १९०३ मध्ये बोस्टन येथे जे. एच. राइट यांनी आर्मेनियातून आलेल्या एका बालिकेच्या व्रणातील परजीवींचे स्पष्ट वर्णन केले. त्याच वर्षी लीशमन व डोनोव्हन यांनी काळ्या आजाराच्या परजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले होते. हे दोन्ही परजीवी दिसायला सारखेच होते. या साम्यातच पुढील अडचणीचे बीज होते.

आजही पहिली परीक्षा सूक्ष्मदर्शकाचीच. नमुना कोठून घ्यावा, यावर तिचे यश अवलंबून असते. व्रणाच्या मध्यभागी मृत ऊती आणि इतर जंतू यांचीच गर्दी असते. परजीवी सापडतात ते उंचावलेल्या कडेत. म्हणून व्रण स्वच्छ करून, कड चिमटीत दाबून रक्त हटवले जाते, लहानसा छेद घेऊन आतील ऊती खरवडली जाते आणि ती काचपट्टीवर पातळ पसरली जाते. लेप वाळल्यावर मिथेनॉलने स्थिर करून त्यास गीम्सा रंजक देतात. मग तैलभिंगाखाली, मोठ्या भक्षकपेशींच्या आत किंवा त्या फुटल्या असल्यास बाहेर, दोन ते चार मायक्रोमीटर लांबीचे अंडाकृती देह दिसतात. त्यांचा जीवद्रव फिकट निळा, केंद्रक तांबूस-जांभळे आणि शेजारी गडद काडीसारखा कायनेटोप्लास्ट असतो. ही काडी हीच खरी खूण. हिस्टोप्लाझ्मा या बुरशीच्या पेशीही भक्षकपेशींत अशाच दिसतात. पण त्यांत ती नसते.

जुन्या व्रणांत परजीवी विरळ होतात. त्यामुळे लेपात ते न दिसणे म्हणजे रोग नसणे, असे समजता येत नाही. अशा वेळी नमुन्याचे संवर्धन करतात. सशाचे रक्त मिसळलेल्या नोव्ही–मॅकनील–निकोल माध्यमात सुमारे २२ ते २६ अंश सेल्सियस तापमानाला परजीवी आपले रूप पालटतात आणि लांबट, कशाभिकायुक्त होऊन हालचाल करू लागतात. मात्र निर्णयासाठी कित्येकदा आठवडे थांबावे लागते, आणि जंतूंचा शिरकाव झाला तर सारे श्रम वाया जातात. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी येथे फारशी उपयोगी पडत नाही; कारण त्वचेपुरत्या मर्यादित रोगात ती बहुधा अल्प असतात.

एक प्रश्न तरीही उरतो: परजीवी कोणत्या जातीचा? सूक्ष्मदर्शकाखाली सर्व जाती सारख्याच दिसतात. पूर्वी संवर्धित परजीवींच्या विकरांचे विद्युत्‌क्षेत्रात पृथक्करण करून जात ठरवीत. आता पॉलिमरेज शृंखला-अभिक्रियेने अल्प नमुन्यातील डीएनए अनेक पटींनी वाढवून ही ओळख पटवता येते.

या ओळखीचे महत्त्व हिमाचल प्रदेशाने दाखवून दिले. बिकानेरच्या फोडांना प्रामुख्याने लीशमॅनिया ट्रॉपिका कारणीभूत असतो. सतलज खोऱ्यातील किन्नौर, शिमला आणि कुलू या जिल्ह्यांतील रोग्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे डीएनए तपासलेल्या बहुतेक नमुन्यांत मात्र लीशमॅनिया डोनोवानी आढळला. बिहारमध्ये प्लीहा व यकृत ग्रासणारा काळा आजार याच जातीमुळे होतो. काचपट्टीवर या दोन ठिकाणचे परजीवी वेगळे ओळखता आले नसते. व्रणात परजीवी आहे, हे सूक्ष्मदर्शक सांगतो. पण तो कोणता, हे कळल्यावाचून रोग कोठून येतो आणि त्याला कसे रोखावे, या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.