खेळाचा संगणक जुळवताना
खेळासाठी संगणक जुळवायचा म्हटले की आपल्यापैकी पुष्कळजण आधी महागडा प्रोसेसर घेतात आणि पैसे तिथेच संपतात. चिखलणीला एक बैल तगडा व दुसरा रोडका जुंपला, तर औत रोडक्याच्याच चालीने चालते. पडद्यावरील चित्र रंगविण्याचे काम मुख्यतः ग्राफिक्स कार्डाचे. म्हणून मोठा वाटा त्याला द्यावा. १०८० ओळींच्या पडद्याला २०२२ चा सहा गाभ्यांचा रायझन ५ ५६०० आणि २०२१ चे आठ जीबीचे आरएक्स ६६०० ही जोडी शोभते. मेमरी सोळाच्या एका पट्टीऐवजी आठच्या दोन घ्याव्यात. माहिती दोन वाटांनी वाहते. प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १३२ चे. म्हणजे ५०० वॅटचा पॉवर सप्लाय पुरे, पण तो नामांकित हवा. हलका सप्लाय बिघडला तर शेजारचे भागही जाळतो. पौडला पावसाळ्यात वीज जाते-येते, आणि भाताच्या पैशातून घेतलेले कार्ड पुन्हा घेणे आमच्या घरांना परवडणारे नाही.