कुंपणावरची पायरी

शेताला कुंपण पाहिजे आणि माणसाला वाट पाहिजे. दोन्ही एका जागी कसे जमावे? इंग्लंडातल्या शेतकऱ्यांनी यावर तोड काढली आहे. वाट कुंपणाला भिडते, तेथे ते लाकडी पायऱ्या बसवितात. माणूस चढून पलीकडे उतरतो, मेंढरू अडते. तिकडे तिला ‘स्टाइल’ म्हणतात. आपल्या कोकणात गडगा ओलांडायला दगड बसवितात ना, तसेच हे.

आम्ही मुलीकडे तिकडे गेलो होतो. एका पायरीपाशी सहा-सात माणसे काम करीत होती. कोणी पेन्शनर, कोणी शिक्षिका. मजुरी कोणालाच नाही. खांब कुजला होता. खांब जमिनीलगतच आधी कुजतो, कारण तेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. त्यांनी तो उपटला, नवा पुरला, भोवतीची माती पहारीने ठोकून घट्ट केली. मग फळीवर बारीक तारेची जाळी मारली.

“ही जाळी कशाला गं?” आम्ही विचारले.

“अहो बाबा, पावसात पाय घसरतो ना!” मुलगी म्हणाली.

खरे तर कायद्याने पायरी नीट ठेवणे हे जमीनमालकाचे काम. पण ही मंडळी हात लावतात म्हणून ते वेळेवर होते.

जमीन मालकाची, पण चालण्याचा हक्क सर्वांचा. १९४९ साली तेथे कायदा झाला. गावोगावच्या लोकांनी आपल्या वाटा चालून पाहिल्या, यादी केली. त्या सरकारी नकाशावर चढल्या. आता मालकाला मनास येईल तशी वाट बंद करता येत नाही. पेरणीसाठी शेतामधली वाट नांगरली, तर १४ दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते.

हे ऐकून आम्हाला आमची पाणंद आठवली. दोन्हीकडचे बांध दरवर्षी वीतभर पुढे सरकत. शेवटी बैलगाडी जाईना. पावसाळ्यात वस्तीवरच्या मुली शाळेत येईनात. आम्ही हजेरीपटावर गैरहजेरी मांडीत राहिलो, पण बोललो नाही. म्हटले, दुसऱ्याच्या भाऊबंदकीत कोण पडणार! ती चूकच झाली.

आपल्याकडे १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. शेताला जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. वाट कोठून कोठे जाते, कोणत्या गट नंबरातून जाते, कोणी अडविली, हे सारे अर्जात लिहावे. अडविल्याची तारीख विसरू नये. सहा महिने तेथूनच मोजतात.