खाऱ्या वाऱ्यात टिकणारं: कुठे जास्त पैसे मोजावेत, कुठे मोजू नयेत

छपराच्या पत्र्याला मारायचा साधा स्क्रू तीन-चार रुपयांना मिळतो, स्टेनलेस स्टीलचा बारा ते अठरा रुपयांना. पाचशे चौरस फुटांच्या छपराला अडीचशे-तीनशे स्क्रू लागतात, म्हणजे फरक साधारण तीन-चार हजारांचा. नागाव, रेवदंडा, मुरूड, दिवेआगरच्या कितीतरी घरांत हेच तीन हजार वाचवले जातात. मग चार-पाच पावसाळ्यांत स्क्रूची डोकी गंजून उडतात, पत्रा हलायला लागतो, भोकातून पाणी झिरपतं आणि पुन्हा मिस्त्री शोधावा लागतो. मिस्त्रीचा रोज हजार-बाराशे, सोबतच्या गड्याचा सहाशे-सातशे. दोन दिवसांचं काम निघालं की वाचलेले पैसे गेले, आणि घरात ओल आली ती वेगळीच.

म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने कुठल्याही वस्तूच्या किमतीआधी दोन गोष्टी पाहाव्यात. तिला खारा वारा लागणार आहे का? आणि ती बदलायला माणूस बोलवावा लागणार आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर हात आखडू नये. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर स्वस्तातली वस्तू खुशाल घ्यावी. (इथले भाव अंदाजाचे आहेत. दुकानागणिक आणि हंगामागणिक ते बदलतात, पण स्वस्त आणि टिकाऊ मालातलं अंतर साधारण असंच राहतं.)

खाऱ्या वाऱ्याचं वागणं समजून घेतलं तर पैसे नेमके कुठे घालायचे ते कळतं. हवेतलं मीठ धातूवर बसतं, दमट हवेतून ओलावा ओढून घेतं आणि धातूवरचा संरक्षक थर फोडतं. किनाऱ्यापासूनच्या पहिल्या काही शे मीटरांत हा मारा सर्वांत जास्त असतो, पुढे तो झपाट्याने कमी होतो. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पावसात उघडी राहणारी जाळी दरवर्षी धुऊन निघते, पण पडवीखालची, वळचणीतली जाळी मीठ धरून बसते. म्हणून आडोशातलं लोखंड अनेकदा आधी जातं. दिवाळीनंतर आणि एप्रिलमध्ये एकदा गोड्या पाण्याने जाळ्या, फाटक आणि एसीचं बाहेरचं यंत्र धुऊन काढावं. याला खर्च काही नाही आणि उपयोग खूप आहे. यंत्र धुताना मात्र आधी वीज बंद करावी आणि पाण्याचा जोर हलका ठेवावा.

सर्वांत जास्त पैसे छपरावर घालावेत, असं माझं ठाम मत आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्याने याच किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग तालुक्यांत हजारो घरांचे पत्रे आणि कौलं उडाली. वारा छपराला वर ओढतो, आणि ही ओढ वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ सर्वांत जास्त असते. त्यामुळे त्या ओळींत स्क्रू जवळजवळ मारून घ्यावेत. त्यासाठी लागणारे पन्नास-साठ जादा स्क्रू म्हणजे फार तर हजाराच्या आसपासचा खर्च. पत्रा घेताना दुकानदार फक्त रंग दाखवतो, आपण जाडी आणि मुलामा विचारावा. 0.35 मिलिमीटरचा पत्रा स्वस्त पडतो, पण घरासाठी 0.50 चाच घ्यावा. साध्या जस्ताच्या मुलाम्यापेक्षा गॅल्व्हल्यूम चांगला. त्याच्या मुलाम्यात 55 टक्के अॅल्युमिनियम असतं आणि बाकी बहुतेक जस्त. मुलामा चौरस मीटरला 150 ग्रॅमचा आहे का, ते बिलावर लिहून मागावं. चौरस फुटाला दहा-पंधरा रुपये जास्त जातील, ते जाऊ द्यावेत. आणि पत्रा छपरावर ठेवून ग्राइंडरने कापू देऊ नये. उडालेल्या गरम ठिणग्या पत्र्याला चिकटतात आणि तिथूनच गंज सुरू होतो.

‘स्टेनलेस’ म्हणून विकलं जाणारं सगळंच इथे टिकत नाही. बाजारात स्वस्त माल येतो तो बहुधा 202 प्रतीचा. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि खाऱ्या हवेत वर्ष-दोन वर्षांत त्यावर तांबूस ठिपके उठतात. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 316 मध्ये त्यावर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि मिठाला तोंड देतं ते तेच. समुद्रासमोरच्या घराचं रेलिंग, गच्चीवरच्या टाकीचं स्टँड, बाहेरच्या दाराच्या बिजागऱ्या यांना शक्य असेल तर 316 घ्यावं. बाकी सगळीकडे 304 पुरतं. लोहचुंबक लावून पाहण्याचा उपाय इथे चालत नाही, कारण 202 आणि 304 दोन्हींना चुंबक जेमतेमच धरतो. प्रत बिलावर लिहून घेणं हाच मार्ग. बिजागऱ्यांत 304 ची जोडी दोन-अडीचशेला आणि साधी लोखंडी साठ-सत्तरला, एवढा फरक आहे. मात्र बिजागरी स्टेनलेस आणि स्क्रू साधे, असं सुतार नेहमी करतात ते करू देऊ नका. मोठ्या स्टेनलेस पट्टीला लागलेला छोटा लोखंडी स्क्रू एरवीपेक्षाही लवकर गंजतो. पुड्यातले स्क्रू स्वतः आणून सुताराच्या हातात द्यावेत. मुंबईला जाणं होत असेल तर नागदेवी स्ट्रीटवर स्टेनलेसचे स्क्रू-बोल्ट हव्या त्या मापात आणि घाऊक भावात मिळतात.

स्वयंपाकघराच्या ओट्याखाली प्लायवूड लावायचं असेल तर ‘कमर्शियल’ नको, आयएस 710 चा शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या. चौरस फुटाला चाळीस-पन्नास रुपये जास्त पडतात. पण फुगलेला प्लाय काढायचा म्हणजे ट्रॉल्या, नळ, कधीकधी फरशीसुद्धा काढावी लागते. न्हाणीघराच्या दाराला मात्र महाग लाकूड नकोच. फायबर किंवा पीव्हीसीचं दार अडीच-तीन हजारांत बसतं आणि कुजत नाही.

नळांच्या बाबतीत मधला भाव फसवतो. चकचकीत मुलाम्याचा स्वस्त नळ बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो आणि खारट विहिरीच्या पाण्याला तो टिकत नाही. एक तर जड, भरीव पितळेचा हजार-बाराशेचा नळ घ्या, नाहीतर चांगल्या कंपनीचा प्लास्टिकचा दीड-दोनशेचा. मधला चारशेचा चकाकणारा घेऊ नका.

विजेच्या बाबतीत काटकसर धोक्याची आहे. भिंती चार महिने ओल्या असतात, गंजलेल्या पेटीतून वीज भिंतीत उतरते आणि माणसं दगावतात. मीटरनंतर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. तो दीड ते अडीच हजारांत मिळतो, वायरमनची मजुरी वेगळी. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. अर्थिंगचा खड्डा दरवर्षी मे महिन्यात तपासून घ्यावा. हा खर्च इतर कुठल्याही वस्तूच्या आधी करावा, छपराच्याही आधी. गॅसची नळीही आयएसआय शिक्क्याचीच हवी. ती काही शे रुपयांत येते आणि पाच वर्षांत बदलावी लागते.

पंख्याचा हिशेब सोपा आहे. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा तीस-पस्तीस. दिवसाला पंधरा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे 180 युनिट वाचतात. आपल्या बिलातला युनिटचा दर धरून गुणून पाहा. किमतीतला बाराशे-पंधराशेचा फरक साधारण एका वर्षात भरून निघतो. फक्त बीएलडीसी पंख्यात इलेक्ट्रॉनिक पट्टी असते, म्हणून तो अगदी समुद्रासमोरच्या उघड्या पडवीत लावू नये.

पावसाळी छत्री घेताना फायबरच्या काड्यांची घ्यावी. पाच-सहाशेला येते, पण लोखंडी काड्यांसारखी गंजून अडकत नाही. हेल्मेट आयएस 4151 चं, हजाराच्या आसपासचं घ्यावं, रस्त्याकडेचं तीनशेचं नको. पावसाळी चप्पल स्वस्तच घ्या, तिची झीज ठरलेलीच आहे.

भांड्यांबद्दल एवढंच सांगेन. कोकम आणि चिंच घातलेलं कालवण ज्या घरात रोज शिजतं तिथे अॅल्युमिनियमचं पातेलं नको, कारण आंबटाने धातू उतरतो. जाड बुडाचं 304 स्टीलचं पातेलं सातशे ते हजार रुपयांत येतं आणि वीस-पंचवीस वर्षं चालतं. मासळीची कोयती आणि विळी मात्र साध्या पोलादाचीच बरी. धार चांगली धरते, आणि धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवलं की गंजत नाही.

जिथे पैसे वाचवायचे ती यादीही मोठी आहे. बादल्या, टब, बाहेरच्या खुर्च्या, पडदे, पायपुसणी, पडवीतले एलईडी दिवे महागातले घेऊन उपयोग नाही. हे सगळं आपण स्वतः बदलू शकतो. महागडे ‘गंजरोधक’ फवारे घेण्यापेक्षा फाटक खरवडून त्यावर झिंकचा प्रायमर मारावा आणि मग साधा रंग. रंगकामात मजुरीच जास्त असते, म्हणून प्रायमरमध्ये कसर करू नये.

फ्रीज किंवा एसी घेताना वॉरंटी कार्डातली बारीक अक्षरं वाचा. खाऱ्या हवेने झालेला गंज अनेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. कॉइल तांब्याची आहे का आणि तिच्यावर संरक्षक थर आहे का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. आयएसआय शिक्क्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकला की खरा-खोटा कळतो. जीएसटीचं पक्कं बिल सोडू नका. ते नसेल तर तक्रारीला आधार राहत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि आपल्या रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागलाच आहे.

छपराचं काम मेच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तेव्हा मिस्त्री मिळत नाही, आणि मिळाला तर दुकानात उरला असेल तो स्क्रू मारून मोकळा होतो. माल दिवाळीनंतर सावकाश, भाव काढून घ्या आणि होळीच्या आत काम उरकून टाका.