जन्मानंतर न मिटणारी धमनीनलिका : बालकांत व जनावरांत

आईच्या पोटात असताना बालक किंवा वासरू फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू वारेतून मिळतो. म्हणून फुप्फुसांकडे जाणारे बहुतेक रक्त एका आखूड नळीवाटे परभारे महाधमनीत जाते. ही नळी फुप्फुसधमनी व महाधमनी यांना जोडते. तिला धमनीनलिका म्हणतात. गर्भावस्थेत ती आवश्यकच असते. परंतु जन्मानंतर तिचे काम संपते.

पहिला श्वास घेताच रक्तातील प्राणवायू वाढतो, वारेकडून येणारी संप्रेरकासारखी द्रव्ये कमी होतात आणि नळीच्या भिंतीतील स्नायू आकसू लागतात. पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकात ती साधारणतः दोन ते तीन दिवसांत मिटते व पुढील दोन-तीन आठवड्यांत तिची केवळ दोरी उरते. ती न मिटल्यास या दोषास ‘पेटंट डक्टस आर्टेरिओसस’ असे म्हणतात.

दोषाचे स्वरूप

महाधमनीतील दाब अधिक असल्यामुळे शुद्ध रक्त या उघड्या नळीतून पुन्हा फुप्फुसांकडे वळते. फुप्फुसांत रक्त साचते व तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावे लागल्याने हृदयाची डावी बाजू थकते. पाटाला भगदाड पडले म्हणजे मोट कितीही चालविली तरी शेवटच्या वाफ्याला पाणी पुरत नाही, तसाच हा प्रकार आहे. नळी बारीक असल्यास वर्षानुवर्षे त्रास जाणवत नाही; मोठी असल्यास थोड्याच आठवड्यांत हृदय निकामी होऊ लागते.

बालकांतील लक्षणे

अपुऱ्या दिवसांच्या बालकांत हा दोष विशेष आढळतो. गरोदरपणाच्या प्रारंभी आईला रुबेला झाल्यासही तो उद्भवू शकतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीत पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. दूध पिताना बालक दमते, थांबून थांबून पिते, कपाळाला घाम येतो.
२. वजन अपेक्षेप्रमाणे वाढत नाही.
३. शांत असतानाही श्वास जलद चालतो. पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकात ६० किंवा अधिक आणि दोन ते बारा महिन्यांच्या बालकात ५० किंवा अधिक श्वास आढळल्यास ते जलद समजावेत.
४. खोकला व फुप्फुसदाह वारंवार होतो.
५. नाडी उसळती लागते.

असे बालक दिसताच ‘दृष्ट लागली’ अथवा ‘आईचे दूध पचत नाही’ असे म्हणून दिवस दवडले जातात. आईला बोल लावण्यात काहीच अर्थ नाही. दोष दुधात नसून नळीत आहे. बालक दूध पिणे सोडून देत असेल, ओठ किंवा जीभ निळी पडत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

निदान व उपचार

छातीच्या डाव्या बाजूस, गळ्याच्या हाडाखाली, यंत्राच्या घरघरीसारखा अखंड आवाज ऐकू येतो. एडिंबरोचे डॉक्टर गिब्सन यांनी १९०० साली त्याचे वर्णन केले. परंतु नवजात बालकात हा आवाज नसतानाही दोष असू शकतो. खात्री ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढणाऱ्या ‘इकोकार्डिओग्राफी’ या तपासणीने होते.

अपुऱ्या दिवसांच्या सर्वच बालकांना औषध लागत नाही; पुष्कळांची नळी आपोआप मिटते. आवश्यक तेथे रुग्णालयात इंडोमेथासिन, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देतात. पूर्ण दिवसांच्या बालकांत या औषधांचा सहसा उपयोग होत नाही. काही अन्य हृदयदोषांत तर ही नळी उघडी असल्यामुळेच बालक जगते. म्हणून घरच्या घरी कोणतेही औषध देऊ नये.

१९३८ साली बॉस्टन येथे डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची नळी बांधून शस्त्रक्रिया यशस्वी केली. आज बहुसंख्य मुलांत मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन, छाती न उघडता, बूच बसविता येते. मात्र फार उशीर झाल्यास फुप्फुसांतील दाब वाढून प्रवाह उलटा फिरतो. मग नळी बंद करणे धोक्याचे ठरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचारांची सोय त्यात आहे. आशा कार्यकर्ती किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत त्याचा लाभ घ्यावा.

जनावरांतील दोष

जनावरांत हा दोष कुत्र्यांमध्ये अधिक आढळतो. त्यातही माद्यांत व पूडल, अल्सेशियन अशा जातींत जास्त. पिल्लू दमते, खंगते, खोकते. डाव्या पुढच्या पायाच्या काखेत तळहात ठेवल्यास छातीची थरथर जाणवते आणि मांडीच्या आतील नाडी उसळती लागते. मोठी नळी बंद न केल्यास पुष्कळ पिल्ले पहिल्या वर्षातच दगावतात. सुसज्ज पशुरुग्णालयात नळी बांधता येते किंवा बूच बसविता येते.

वासरांत केवळ हाच दोष क्वचित आढळतो. हृदयाच्या पडद्याला छिद्र असणे अधिक दिसते. बाहेरची लक्षणे दोहोंत सारखीच असल्याने निदान पशुवैद्यावर सोपवावे. शिंगराच्या छातीत पहिले काही दिवस असा आवाज येणे स्वाभाविक असते; तो टिकल्यास मात्र तपासणी करावी. हा दोष असलेले जनावर पैदाशीसाठी वापरू नये.

प्रतिबंध

मुलांना गोवर-रुबेला लस नऊ महिने पूर्ण होताच व पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान टोचून घ्यावी. ही लस गरोदरपणात देत नाहीत. म्हणून ती आधीच घेतलेली असणे महत्त्वाचे. गरोदर स्त्रीने आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. त्यांनी गर्भातील नळी अवेळी मिटू शकते. प्रसूतीपूर्व तपासण्या वेळेवर कराव्यात व बाळंतपण रुग्णालयातच करावे.

घरभेटीत श्वास मोजण्यास एक मिनिट व वजन करण्यास दोन मिनिटे लागतात. एवढ्या दक्षतेने दोष वेळीच ओळखला गेल्यास बहुतेक बालके पुढे इतर मुलांसारखीच खेळू-बागडू शकतात.